कान वाहतोय आणि चक्करची टेस्ट सांगितलीय, मग पोटात गोळा येतोच

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता लिहूनच टाकते. लहानपणापासून कान वाहतो, पडद्याला भोक आहे, हल्ली चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी बॅलन्सची टेस्ट सांगितली, आणि माणूस तारीख घेऊन परत जातच नाही. "मुद्दाम चक्कर आणतात म्हणे", "फुटक्या कानात पाणी घालतील", हे दोनच धाक.

पारोळ्याकडची एक ताई होती, पस्तिशीची (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). कापूस वेचताना ओटी बांधून वाकली की जमीन फिरायची. दोन तारखा चुकवून माझ्यासमोर बसली आणि पहिलं वाक्य, "माले भ्याव वाटस, ताई." सासूबाई रोज लसूण घालून गरम केलेलं तेल कानात सोडायच्या. ते मी पहिल्याच दिवशी थांबवायला सांगितलं, कारण पडद्याला भोक असलं की तेल सरळ आत मधल्या कानात जातं.

पाण्याची भीती खोटी नव्हतीच, आणि तसं मी तिला कबूल केलं. कानात ३० आणि ४४ डिग्रीचं पाणी सोडून डोळ्यांची हालचाल बघायची टेस्ट जुनी आहे, व्हिएन्नाच्या बारानी नावाच्या डॉक्टरांना या कामाबद्दल १९१४ चं नोबेल मिळालं. पण पडद्याला भोक असेल तर पाणी घालत नाहीत. पाण्याऐवजी हवा सोडली तरी ओल्या कानात गरम हवेनं उलट गारवा होऊन उत्तर फसू शकतं. म्हणून अशा पेशंटला बहुतेकदा डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा लावून डोकं हलकेच पण झटक्यात फिरवायची टेस्ट करतात, कानात काहीच जात नाही.

हे सगळं ऐकून मान हलवली तिनं, भीती मात्र जागच्या जागी. माहितीनं भीती जात नाही हे मी इतक्या वर्षांत शिकलेय, भीतीला काहीतरी काम द्यावं लागतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "चक्कर थांबते तेव्हा सगळ्यात आधी काय थांबतं?"

"कोणी पाह्यलंय? डोळे मिटून पडते मी."

"पुढच्या वेळी उघडे ठेवून बघशील?"

आठवड्यानं आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं. धाब्याचं घर, खाटेवर पडल्यावर वर ओळीनं लाकडं दिसतात. म्हणाली, "ताई, तिसरं लाकूड पहिले थांबतं. मी मोजलं, वीसपर्यंत." मग थोडं थांबून, "मला वाटायचं तासभर चालतं."

मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. पंधरा वर्षं जी चक्कर तिच्यावर चालून यायची तिला वीस आकड्यांचं कुंपण पडलं आणि ते तिनं स्वतः घातलं. माझा विश्वास यावरच आहे, टाळलं की भीती वाढते आणि शेवट दिसला की ती आवरते. त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं.

टेस्टला ती नवऱ्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी कानाच्या तोंडाशी बोटानं दाबलं तर लगेच गरगरलं, टेस्टमध्ये उजव्या कानाचा बॅलन्सही कमजोर निघाला. स्कॅनमध्ये दिसलं की सडक्या कातडीच्या गाठीनं आतल्या कानातल्या बॅलन्सच्या नळीवरचं हाड खाल्लंय. ऑपरेशन झालं. ती तिसरी तारीखही चुकली असती तर, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तुमची टेस्ट ठरली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की पडद्याला भोक आहे, कान सध्या वाहतोय का तेही सांगा. चक्करच्या गोळ्यांनी रिझल्ट दबतो म्हणून त्या कधी बंद करायच्या ते विचारून घ्या, पण बीपी, शुगर, फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सोडू नका. पोटभर जेवून जाऊ नका, सोबत माणूस न्या, परत येताना गाडी त्यालाच चालवू द्या. टेस्टनंतर चक्कर राहिली तर खोलीतल्या एका वस्तूवर नजर ठेवून मोजत राहा, आणि "थांबा" म्हणायचा हक्क तुमचा आहे हे टेस्ट करणाऱ्याशी आधीच बोलून घ्या.

आणि वाहत्या कानासोबत जोराची चक्कर, ताप, असह्य डोकेदुखी किंवा तोंड वाकडं होणं यातलं काहीही दिसलं तर टेस्टच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.