खोलीतला कॅमेरा कोणाच्या होकाराने?

या वेळच्या टपालातील तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत: वृद्धाश्रमातील सीसीटीव्ही. एक पत्र मुलाचे, दुसरे आश्रमात काम करणाऱ्या मावशींचे आणि तिसरे तिथे राहणाऱ्या आजोबांचे. तिघांनीही नाव न छापण्याची विनंती केली आहे. सोलापूर परिसरातील एका वृद्धाश्रमाचे व्यवस्थापन मी बरीच वर्षे पाहिले असल्यामुळे उत्तरांत माझे स्वतःचे मतही आले आहे. ते मत म्हणूनच वाचावे.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची असून दिवाळीपासून अक्कलकोट रस्त्यावरील एका खासगी वृद्धाश्रमात आहे. आमचे घर मूळचे विणकरांचे, साखर पेठेतले. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि महिन्यातून एकदाच माझे येणे होते. मागच्या भेटीत आईच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. 'न्हाणीघरात तोल गेला,' असे सेविकेने सांगितले. आईला विसरभोळेपणा आला आहे आणि अलीकडे ती मराठी सोडून तेलुगूच बोलते, त्यामुळे तिच्याकडून नीट काही कळत नाही. तिच्या खोलीत माझ्या मोबाइलवर दिसेल असा कॅमेरा स्वखर्चाने बसवण्याची तयारी मी दाखवली. परंतु खोलीत आणखी दोन आजी असल्याचे सांगून व्यवस्थापकांनी नकार दिला. घड्याळात किंवा चार्जरमध्ये दडवलेले कॅमेरे बाजारात मिळतात. तसा एखादा ठेवला तर ते बेकायदा ठरेल काय?

उत्तर : कॅमेऱ्याचे नंतर पाहू, आधी ते डाग. उतारवयात कातडी पातळ होते आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर खाटेच्या कडेला हात लागला तरी डाग उठतो. परंतु पडताना माणूस बहुधा तळहात, कोपर, गुडघा, कंबर किंवा डोके यांवर आपटतो. डाग दंडाच्या आतल्या बाजूला, काखेकडे आणि बोटांच्या ठशांसारखे ओळीने असतील तर ते धरल्याचे किंवा ओढल्याचे असण्याची शक्यता अधिक. प्रत्येक ओढणे क्रौर्याचेच असते असेही नाही. अंग जड झालेल्या बाईला एकट्या सेविकेने काखेत हात घालून कमोडवरून उठवले की असेच ठसे उमटतात, आणि मग जाब तिच्याआधी तिला त्या कामावर एकटीला सोडणाऱ्याला विचारायला हवा. म्हणून पुढच्या महिन्याची वाट न पाहता या, डागांची तारखेसह छायाचित्रे घ्या, आश्रमाबाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करून त्यांचे निरीक्षण लेखी घ्या आणि आश्रमाच्या नोंदवहीत त्या दिवशी 'पडल्या' अशी नोंद आहे काय, असल्यास कोणत्या वेळेची आणि कोणाच्या सहीची, हे पाहा.

याच भेटीत न्हाणीघराबाहेरच्या बोळातील कॅमेऱ्याचे फुटेज जपून ठेवण्याची लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. याच भेटीत, हे मी का म्हणते त्याचा हिशेब सोपा आहे. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट (दोन एमबीपीएस) या वेगाने सतत चित्रण करत असेल तर दिवसाला सुमारे २१ जीबी जागा घेतो; असे आठ कॅमेरे आणि डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, दोन टीबीची हार्ड डिस्क असेल तर साडेअकरा दिवसांत डिस्क भरते आणि जुन्यावर नवे चढू लागते. महिनाभराने 'फुटेज उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते तेव्हा त्यात लबाडी असतेच असे नाही. कोणी मागितले नाही, म्हणून ते पुसले गेलेले असते. पडद्यावर चाललेले चित्रण मोबाइलने टिपून समाधान मानू नका. प्रकरण न्यायालयात गेलेच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते मूळ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून मिळवणे सोपे जाते.

आता दडवलेल्या कॅमेऱ्याविषयी. ठेवू नका. तुमच्या आईच्या खाटेपासून चार फुटांवर दुसऱ्या दोघींच्या खाटा आहेत. त्यांचे लुगडे तिथेच बदलले जाते, अंग तिथेच पुसले जाते, डायपरही तिथेच बदलला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई प्रमाणे कोणाच्याही खासगी अवयवांचे चित्रण त्या व्यक्तीच्या संमतीवाचून जाणूनबुजून करणे हा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतील असा गुन्हा आहे. स्त्रीचे खासगी स्थितीतील चित्रण करण्याबाबत भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ निराळे आहे आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची शिक्षा सांगितली आहे. आपला हेतू आईच्या रक्षणाचा होता, हे तुम्ही सांगाल. परंतु त्या दोन आजींच्या लेकींना ते पटवून देणे तुम्हाला जड जाईल. शिवाय ते चित्रण तुमच्या मोबाइलपर्यंत इंटरनेटवरून येणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांचे सीसीटीव्ही चित्रण समाजमाध्यमांवर विक्रीला आल्याचे उघड झाले, तेव्हा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, असे तपासात पुढे आले. आपल्याकडच्या किती आश्रमांत कॅमेरे बसवणाऱ्या मुलाने दिलेला पासवर्ड आजही तसाच असेल, याचा विचार करावा.

व्यवस्थापकांचा नकार मला योग्य वाटतो, मात्र त्यांनी दिलेले कारण अपुरे आहे. दोन आजी खोलीत नसत्या तर काय? तेव्हाही प्रश्न तुमच्या होकाराचा नव्हता, तुमच्या आईच्या होकाराचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, त्यात वयाची अट नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यातील संमती मोकळेपणाने दिलेली, कशासाठी ते समजून दिलेली आणि दिली तितक्याच सहज परत घेता येणारी असावी लागते. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २००१ मध्येच शुश्रूषागृहातील रहिवाशाला आपल्या खोलीत कॅमेरा बसवण्याचा हक्क कायद्याने दिला. परंतु तिथेही खोलीतील सोबत्याची लेखी संमती आणि दाराबाहेर पाटी या अटी आहेत. आपल्याकडे आश्रमाच्या खोल्यांसाठी एवढी स्पष्ट तरतूद होईपर्यंत हेच दोन नियम आपणहून पाळायला हरकत नसावी.

विसरभोळ्या माणसाची संमती कशी घ्यायची, हा खरा अवघड भाग आहे. 'आई, कॅमेरा लावू ना?' असे विचारले तर ती मान हलवणारच. मुलाच्या कोणत्याही प्रश्नाला तिने आयुष्यभर मानच हलवलेली असते. आमच्या आश्रमात आम्ही तिच्या भाषेत, सकाळच्या वेळी, ती उल्हसित असताना सांगत असू की या खोक्यातून मुलाला तू झोपलेली, कपडे बदलताना, रडताना, सगळी दिसशील. आणि मग तिला तिच्याच शब्दांत ते परत सांगायला लावत असू. चार दिवसांनी पुन्हा विचारत असू. दोन्ही वेळा उत्तर एकच आले तर तो होकार किंवा नकार आम्ही लिहून ठेवत असू. तुमच्या बाबतीत हे बोलणे तेलुगूतून झाले पाहिजे, आणि ते तुम्ही करू नये. मावशी किंवा मामी असेल तर तिने करावे.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे सभागृहात पहिला कॅमेरा लागला, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री एक आजी उठून बसू लागल्या. त्यांचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेला होता; विसरायला लागल्यावरही मांडीवर सूप असल्यासारखी त्यांची बोटे दिवसभर चालत असत. 'कोपऱ्यात विड्या ओढत कोण उभं राहतंय गं? एवढी माणसं?' असे त्या विचारू लागल्या. आम्ही ते भ्रमात काढले. आठवड्याने रात्रपाळीच्या सेविकेने दिवे मालवून त्यांच्या खाटेवर आडवे होऊन पाहिले, तेव्हा उघड्या दारातून समोर कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीचे, अंधारात चित्रण करण्यासाठी असलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांचे लालसर ठिपके दिसत होते, हुबेहूब पेटत्या विड्यांच्या टोकांसारखे. आजी बरोबर होत्या. कॅमेऱ्याची जागा बदलली आणि त्यांची झोप परत आली.

यावरून कॅमेरे नकोत असे मी म्हणत नाही. बोळ, जिना, फाटक, स्वयंपाकघर, औषधांचे कपाट या ठिकाणी ते असावेतच. रात्री दोन वाजता कोणी दार उघडून रस्त्यावर गेले किंवा बोळात पडले तर त्यांचा उपयोग होतो, तोही पडद्यासमोर कोणी जागे असेल तर. मात्र तुमच्या आईची अडचण कॅमेऱ्यात मावणारी नाही. ती 'नीळ्ळु' म्हणत असेल आणि मराठी-कन्नड बोलणाऱ्या सेविकेला ती पाणी मागते आहे हे कळत नसेल, तर तुम्हाला मोबाइलवर फक्त ओठ हलताना दिसतील. सोलापुरात तेलुगू येणारी सेविका मिळणे कठीण नाही. पूर्व भागातील घराघरांतून ती भाषा बोलली जाते. कॅमेऱ्याचा खर्च करण्याची तुमची तयारी आहेच, तर दिवसाकाठी दोन तास अशी बाई आईजवळ बसेल एवढी सोय आश्रमाच्या परवानगीने करा. येताना कळवून येऊ नका. कधी सकाळी सहाला या, कधी रात्री जेवणाच्या वेळी. टाचा आणि माकडहाड पाहा, कारण दर दोन तासांनी कूस बदलली जात नसेल तर दाबव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, तिथेच आधी दिसतो. दर महिन्याचे वजन मागा. डॉक्टरांनी मारहाणीचा संशय लेखी दिला तर पोलीस ठाण्यात तक्रार करा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही मार्ग दाखवते.

प्रश्न : मी एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला सेविका आहे. आम्ही दोघी मिळून ३८ माणसे सांभाळतो. व्यवस्थापक सकाळी फुटेज पाहतात आणि मी खुर्चीवर टेकलेली दिसले तेवढ्या वेळाचा पगार कापतात. कॅमेरा आजी-आजोबांसाठी की आमच्यासाठी?

उत्तर : मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर संस्थेने लेखी द्यायला हवे होते, आणि तेही कॅमेरे बसवण्याआधी: कशासाठी बसवले, चित्रण कोण पाहील, किती दिवस राहील. सुरक्षेसाठी बसवलेल्या कॅमेऱ्याने पगार कापणे मला अन्यायाचे वाटते. उपाय मात्र त्याच फुटेजमध्ये आहे. आठ तासांत तुम्ही दोघी किती वेळा उठलात, किती जणांची कूस बदललीत, एकीने माणूस उचलला तेव्हा दुसरी कुठे अडकली होती, हे सगळे त्यात आहे. एका रात्रीचे पूर्ण चित्रण विश्वस्तांनी सलग पाहावे, असा अर्ज दोघींच्या सहीने द्या. ३८ माणसांना दोन बायका पुरत नाहीत, हे त्यांना तुम्ही सांगावे लागणार नाही. तुमच्या कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा असेल तर अर्जाची वाट न पाहता तो काढायला लावा. शेवटी एक गोष्ट लक्षात असू द्या: एखाद्या आजींची माळ हरवते आणि पहिला संशय मावशींवर येतो, तेव्हा बोळातला कॅमेराच बहुतेक वेळा मावशींना सोडवतो. मी हे चार वेळा पाहिले आहे. तीन वेळा माळ उशीच्या अभ्र्यात सापडली.

प्रश्न : माझे वय ८१. गिरणीत नोकरी झाली, पत्नी गेल्यावर मी स्वखुशीने आश्रमात आलो. स्वतंत्र खोली आहे. मुलाने टेबलावर बोलणारा कॅमेरा ठेवला आहे. मी सदरा काढून बसलो की त्यातून आवाज येतो, 'बाबा, पंखा कमी करा, सर्दी होईल.' एप्रिलात सोलापुरात सर्दी! त्याचे मन मोडायचे नाही, पण मला हे नको आहे. काय करावे?

उत्तर : आपण शुद्धीवर आहात, खोली आपली आहे आणि नको म्हणण्यासाठी कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही. मुलाला फोनवर सांगू नका, तो समजूत घालेल आणि आपण ऐकाल. दोन ओळी लिहा: 'खोलीतील कॅमेरा मला नको आहे, अमुक तारखेपासून तो बंद राहील.' एक प्रत त्याला पाठवा, दुसरी कार्यालयात देऊन पोच घ्या, म्हणजे त्याच्या सांगण्यावरून कोणी तो पुन्हा चालू करणार नाही. रात्री-अपरात्री काही झाले तर काय, ही त्याची काळजी खोटी नाही; त्यासाठी खाटेशेजारी आणि न्हाणीघरात हाताला येईल अशी घंटेची कळ बसवून मागा आणि ती वाजवल्यावर किती मिनिटांत माणूस येतो ते एकदा त्याच्यासमोरच वाजवून दाखवा. रोज संध्याकाळी एक वेळ ठरवून आपणच त्याला फोन करा. कॅमेऱ्याची वायर टेबलामागच्या सॉकेटमध्ये असेल. ती काढताना सदरा घातलेला नसला तरी चालेल.