तेलवाळूचे ट्रस्ट आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. कॅलगरीत नोकरीस असलेला माझा पुतण्या कॅनडातील तेलवाळूच्या ‘एनर्जी ट्रस्ट’मध्ये बारा लाख रुपये गुंतवा, असे सुचवतो. त्याने पाठवलेल्या जुन्या लेखात वर्षाला दहा-बारा टक्के दराने दरमहा वाटप मिळते, असे म्हटले आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडावी काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मुदत ठेव मोडू नका. तो लेख ज्या ट्रस्टांविषयी आहे, ते त्या रूपात आज जवळजवळ उरलेलेच नाहीत. पूर्वी ट्रस्टच्या पातळीवर फारसा कर लागत नसे आणि तेलाचा पैसा थेट युनिटधारकांत, म्हणजे ट्रस्टचे हिस्से घेतलेल्यांत, वाटला जाई. ३१ ऑक्टोबर २००६ रोजी कॅनडाचे अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी ही सवलत काढून घेण्याची घोषणा केली, दुसऱ्याच दिवशी युनिटांचे भाव कोसळले आणि २०११ पासून कर लागू होताना बहुतेक ट्रस्टांचे साध्या कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांच्या पक्षाने निवडणुकीत नेमके उलट आश्वासन दिलेले होते. त्यावर विसंबलेल्या निवृत्तांचे नुकसान झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मालाकडे पाहू. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील अथाबास्का भागातल्या वाळूला चिकटलेले बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखे घट्ट तेल, थंडीतल्या काकवीसारखे असते, भांडे आडवे केले तरी ओघळत नाही. उथळ थरांतील वाळू खणून गरम पाण्याने धुतात आणि एका पिंपासाठी सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते. खोल थरांत वाफ सोडून बिट्युमेन पातळ करतात. आपल्या गुऱ्हाळावर चुलवाणात घरचीच चिपाडे जळतात, तिथे मात्र वाफेसाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. खाण अनेक दशके पुरते हे खरे, परंतु खर्च मोठा असल्याने भाव पडला की नफा झपाट्याने आटतो.

शिवाय हे तेल बाहेर नेणाऱ्या वाहिन्या दीर्घकाळ अपुऱ्या होत्या. २०१८ च्या शरद ऋतूत अल्बर्टाच्या जड तेलाचा भाव अमेरिकी तेलापेक्षा पिंपामागे ४० डॉलरहून अधिक खाली गेला आणि जानेवारी २०१९ पासून प्रांत सरकारला उत्पादनावर मर्यादा घालावी लागली. तोड लांबून ऊस फडातच वाळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन वाहिनीची वाढीव क्षमता सुरू झाल्यावर ही तफावत कमी झाली.

वाटप म्हणजे व्याज नव्हे. कॅनेडियन ऑइल सँड्स हा असाच एक मोठा ट्रस्ट कंपनी झाल्यावर २०१४ मध्ये तिमाहीला प्रतिशेअर ३५ सेंट लाभांश देत होता; तेल घसरताच २०१५ च्या आरंभी तो ५ सेंटांवर आला आणि २०१६ मध्ये सनकोर या कॅनडातील तेल कंपनीने ती विकत घेतली. घरखर्च त्या रकमेवर अवलंबून असता तर काय झाले असते, याचा विचार करा.

कराचेही पाहावे लागेल. लाभांशातून कॅनडात साधारणपणे २५ टक्के कर कापला जातो; त्याची वजावट इथल्या कायद्याच्या मर्यादेतच मिळते. वर्षाला १० लाखांपुढे रक्कम गुंतवणुकीसाठी परदेशी पाठवल्यास वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकतात. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरणेही बंधनकारक आहे.

तरीही इच्छा असेल, तर निम्मी बुडाली तरी घर चालेल एवढ्याच रकमेचे शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या कंपनीचे शेअर स्वतःच्या नावाने घ्या, पुतण्याच्या खात्यात पैसे ठेवू नका. तत्पूर्वी त्या कंपनीचा मागील दहा वर्षांचा लाभांश त्याच्याकडून वर्षवार मागवून घ्या.