ठासणीची रायफल: माशी घासण्याआधी चिंध्या वेचा

प्रश्न: नमस्कार सर, दोन वर्षं वाट बघून मी ठासणीची रायफल खास बनवून घेतली. ५० कॅलिबर, टोपीवर (ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीवर) चालणारी, नळी ३६ इंच, नळीतला पीळ ६६ इंचांत एक वेढा. शिकारीचा हंगाम दोन महिन्यांवर आलाय. पहिल्यांदा रेंजवर नेली तेव्हा पहिल्या तीन गोळ्या जवळजवळ लागल्या आणि मग जे फिसकटलं ते ५० यार्डांवर आठ इंचांत कुठेही, आणि सगळ्या खालच्या बाजूलाच. गोळी .४९० इंचाची, गोळीभोवती गुंडाळायचं कापड .०१० इंच जाडीचं, दारू ९० ग्रेन. मागची साइट दोनदा सरकवून बघितली. आता पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाची साइट, कानशीने घासू का?

उत्तर: नका घासू, अजून तरी नाही! कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे गोळी आधी खाली लागते आणि मग माशी घासत घासत ती वर आणता येते, म्हणजे तुमची रायफल खाली मारतेय यात काहीच बिघडलेलं नाहीये. पण घासलेलं लोखंड परत येत नाही आणि तुमचा बार, म्हणजे दारू, कापड आणि गोळी यांचा मेळ, अजून ठरलेलाच नाही. दारू पाच-दहा ग्रेन कमीजास्त झाली तरी गोळी वरखाली होते, त्यामुळे आज घासलेली माशी पुढच्या रविवारी चुकीची ठरेल. मागच्या साइटलाही आता हात लावू नका, गोळ्या एका जागी यायला लागल्या की मग.

आता आकडे बघू. .४९० ची गोळी आणि दोन्ही बाजूंना .०१० कापड म्हणजे झाले .५१०. नळी .५००, पण राउंड बॉलसाठीच्या (गोल गोळीच्या) नळीत पिळाच्या खोबणी साधारण .०१० ते .०१६ खोल असतात, म्हणजे खोबणीपासून खोबणीपर्यंत .५२० किंवा त्याहून जास्तच. तुमचं कापड तिथपर्यंत पोचतच नाही, मधल्या फटीतून गरम वायू निसटतो, कापड जाळतो आणि गोळीला पीळ नीट बसत नाही. त्यात ९० ग्रेन, म्हणजे जाळायला भरपूर ताकद.

हे माझ्या शब्दावर मानू नका. रेंज थांबवली की नळीसमोर दहा-पंधरा यार्डांत जाऊन गोळीबरोबर उडालेल्या कापडाच्या चिंध्या वेचा आणि उजेडासमोर धरा. चांगली चिंधी बघितल्यावर वाटतं की धुऊन परत वापरावी, मधे गोळी बसली होती तिथे काळसर गोल, कडेला थोडे दाते, बाकी कापड शाबूत. गोलाच्या कडेने जळून भोकं पडली असतील तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी आहे. सरळ रेषेत चिरा असतील तर नळीच्या आतल्या कडा किंवा तोंडाची कड धारदार आहे, नव्या नळीत हे फार दिसतं. माझ्या पहिल्या रायफलच्या चिंध्या अशाच ब्लेडने कापल्यासारख्या यायच्या आणि मी महिनाभर दारूलाच दोष देत बसलो होतो. शेवटी बारीक पॉलिश पेपर नळीच्या तोंडात अंगठ्याने दाबून गोल गोल फिरवला, तोंडाची कड गुळगुळीत झाली आणि पुढच्याच दिवशी चिंध्या अख्ख्या मिळाल्या.

तर आता .०१८ च्या आसपासचं घट्ट विणीचं शुद्ध सुती कापड घ्या, सिंथेटिक अजिबात नको, ते नळीत वितळतं. नवं कापड धुऊन खळ काढा आणि कॅलिपरमध्ये दाबून जाडी मोजा. वंगण म्हणून मेण आणि वनस्पती तेल एकत्र करून लावा. साधं मशीन ऑइल काळ्या दारूबरोबर डांबरासारखं घट्ट होऊन बसतं.

मग २५ यार्डांवर ५० ग्रेनपासून सुरुवात करा, पाच ग्रेन वाढवत न्या, प्रत्येक मापाला पाच गोळ्या आणि प्रत्येक मापाला वेगळा कागद. दारू मापानेच मोजायची आणि डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही, आत ठिणगी राहिलेली असली तर हातातला अख्खा डबा पेटतो. एका मापाला गोळ्या एकदम जवळ येतात आणि पुढे वाढवलं की परत पसरतात, ते माप तुमचं. मग ५० यार्ड, मग १००, आणि तेव्हा कुठे कानस, तीसुद्धा दोन-तीन हात मारून परत गोळी झाडून बघायची.

पहिल्या तीन चांगल्या आणि मग पसरल्या, त्यात नळीतल्या घाणीचाही हात आहे. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त वजन घन पदार्थ म्हणूनच उरतं, थोडं धुरातून जातं आणि बाकीचं नळीला चिकटतं. म्हणून प्रत्येक बार उडवल्यावर नळीतून एक किंचित ओली चिंधी, एक कोरडी, रोज त्याच पद्धतीने. ठासायच्या गजावर दोन खुणा करा, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. गोळी दारूवर टेकली की नाही ते खूण सांगते, मधेच अडकलेली गोळी तशीच उडवली तर नळी फुगते किंवा फुटते. ठासताना जोरही दर वेळी सारखाच असू द्या, गज आपटू नका.

प्रश्न: काळी दारू संपली तर बिनधुराची (आधुनिक काडतुसांतली) थोडीशी टाकून चालेल का?

उत्तर: नाही. चिमूटभरसुद्धा नाही! तिचा दाब तुमची नळी सोसणार नाही, बोटं आणि डोळे जातात.

प्रश्न: टोपी फुटते पण बार उडत नाही, असं दोनदा झालं.

उत्तर: आधी सुरक्षेचं, कारण बार उशिरा उडू शकतो. नळी निशाण्याकडेच धरून किमान एक मिनिट थांबा, तोंडात डोकावू नका. मग नवी टोपी लावून बघा. कारण बहुतेक वेळा निपलमध्ये (टोपी बसते त्या पोकळ बोंडात) राहिलेलं तेल, नाहीतर फार ओल्या चिंधीने घाण ढकलत ढकलत मागे नेऊन ठिणगीची वाट बुजवलेली असते. त्यामुळे भरण्याआधी नळी कोरडी पुसा आणि रिकाम्या रायफलवर एक-दोन टोप्या गवताकडे तोंड करून फोडा. गवत हललं म्हणजे वाट मोकळी आहे.

प्रश्न: रेंजवर दुसरी-तिसरी गोळी बरोबर लागते, पहिली मात्र दोन इंच बाजूला. दुर्लक्ष करू का?

उत्तर: शिकारीत तुम्हाला तीच पहिली मिळणार आहे, दुसरी भरेपर्यंत जनावर निघून गेलेलं असतं, नाहीतर जखमी होऊन पळालेलं असतं आणि ते फार वाईट. स्वच्छ, थंड, तेल पुसलेल्या नळीतून पहिली गोळी जिथे लागते तीच तुमच्या रायफलची खरी जागा धरा. पाच वेगवेगळ्या दिवशी रेंजवर जा, रोज एकच गोळी, पण पाचही दिवस तोच कागद लावा आणि साइट त्या पाच भोकांवरून ठरवा. घरी आल्यावर त्याच दिवशी नळी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करून तेल लावायचं, उद्यावर टाकलं की गंज सुरू होतो. आणि दर वेळी भरण्याआधी ते तेल पुसायचं ते अगदी सारख्याच पद्धतीने, नाहीतर त्या पाच भोकांना काही अर्थ उरणार नाही.