सेलेरी-रेडिसमध्ये काउंटडाउन लावलेला टास्क दोन-तीनदा का चालतो?

तुम्ही लिहिलंय की सेलेरी (पायथनमध्ये कामं म्हणजे टास्क मागे चालवणारी लायब्ररी) आणि रेडिस (त्या टास्कची रांग ठेवणारा डेटाबेस) वापरता, काउंटडाउन म्हणजे 'इतक्या वेळाने चालव' अशी सूचना लावून तीन तासांनी एसएमएस पाठवता, आणि ग्राहकाला तोच एसएमएस दोन-तीनदा जातो. कोड अनेकदा वाचला, चूक सापडत नाही. ती बहुधा तुमच्या फंक्शनमध्ये नाहीच. मी यातून गेलोय.

मी नाशिकमध्ये कांदा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. खळ्यावर वजन होऊन हिशोबपट्टी निघाली की तीन तासांनी शेतकऱ्याला 'रक्कम खात्यात जमा' असा मेसेज जायचा. एका संध्याकाळी निफाडकडून फोन आला: "भाऊ, मेसेज तीन आले, पैसे एकदाच आले. बाकीचे दोन हप्ते कुठं अडकले?" अख्ख्या ट्रॉलीचा हिशोब होता, माणूस घाबरला होता. त्या रात्री मी हे मुळापासून वाचलं.

काउंटडाउनचा टास्क रेडिसमध्ये तीन तास थांबत नाही. वर्कर (टास्क चालवणारी प्रोसेस) तो लगेच उचलतो आणि वेळ होईपर्यंत स्वतःच्या मेमरीत धरून बसतो. पोच (अ‍ॅक, म्हणजे 'टास्क मिळाला' असं रांगेला कळवणं) मात्र काम सुरू करतानाच देतो. तासाभरात पोच आली नाही (व्हिजिबिलिटी टाइमआउट, डीफॉल्ट 3600 सेकंद) तर उचलणारा वर्कर मेला असं धरून टास्क परत रांगेत टाकला जातो. दुसरा वर्कर उचलतो, तोही धरून बसतो. पुढच्या तासाला तिसरा. वेळ झाली की तिघंही पाठवतात.

टाइमआउट वाढवून तुमच्या सगळ्यात लांब काउंटडाउनपेक्षा मोठा केलात तर हे थांबेल. पण मग एखादा वर्कर खरंच अचानक मेला तर त्याच्याकडचा टास्क तेवढा वेळ अडकून राहतो. रेडिसऐवजी रॅबिटएमक्यू या दुसऱ्या रांग-सॉफ्टवेअरवर गेलात तर तिथेही पोचेची मुदत आहे, नव्या आवृत्त्यांत डीफॉल्ट 30 मिनिटं. म्हणून मी लांबचे काउंटडाउन बंदच केले. 'कधी पाठवायचं' हा कॉलम डेटाबेसमध्ये ठेवला आणि बीट (सेलेरीचा ठरावीक वेळी टास्क सोडणारा भाग) दर पाच मिनिटांनी वेळ झालेल्या ओळी उचलतो.

एवढ्यावर थांबू नका. ज्या रांगा काम हरवू देत नाहीत, त्या ते कधीतरी दोनदा देतातच. अ‍ॅमेझॉनची साधी एसक्यूएस रांगसुद्धा 'किमान एकदा' एवढंच वचन देते. तेव्हा टास्क दोनदा चालला तरी बिघडू नये असा लिहा. मी पट्टी क्रमांक आणि मेसेजचा प्रकार यांवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घातलंय, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घालता येत नाही: आधी ओळ घालायची, ती आधीच असेल तर परत फिरायचं. मध्ये एक फट राहते. ओळ पडली आणि एसएमएस जाण्याआधी वर्कर मेला, तर मेसेज कधीच जात नाही. त्यासाठी ओळीत 'घेतला' आणि 'पाठवला' अशा दोन अवस्था ठेवल्या, आणि बराच वेळ 'घेतला'वर अडकलेल्या ओळी पुन्हा पाठवतो. यात क्वचित एखादा एसएमएस दोनदा जाईल, तो चालतो. पैसे पाठवणाऱ्या टास्कला मात्र हे लावू नका. तिथे अडकलेली ओळ माणसाने बँकेशी ताडून बघायची.

आज आधी लॉग उघडा आणि तिन्ही वेळचे टास्क आयडी बघा. एकच असेल तर बहुधा हाच प्रकार आहे. वेगळे असतील तर टास्क रांगेतच तीनदा पडतोय, म्हणजे बटण दोनदा दाबलं जातंय किंवा रिक्वेस्ट पुन्हा येतेय. तसं असेल तर टास्क जिथून टाकता तो कोड इथे द्या, मी बघतो.