मांडीवरचा सिनेमा

"मॅडम, माझ्याकडे बाबांची एकच धड आठवण होती. तीही परवा आईने खोटी ठरवली."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेला बत्तीस वर्षांचा तरुण, पुण्यात नोकरी, पाच वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

निमित्त एका सिनेमाचं. 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा', युगो साको आणि आपले राम मोहन यांनी भारत-जपानच्या कलाकारांना घेऊन केलेला, हाताने चितारलेला. तो १९९३ सालचा, पण याच्या पिढीला भेटला नंतर, कार्टून नेटवर्कवर. हिंदीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज आणि रावणाला अमरीश पुरींचा, त्यामुळे मुलं रावणाचीच नक्कल करायची. जानेवारी २०२५मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा हा लेकाला घेऊन गेला. आवाज आता वेगळे होते, तरी पडद्यावर कुंभकर्ण आला आणि याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

घरी येऊन आईला म्हणाला, "तिसरीच्या सुट्टीत आजोळी बाबांच्या मांडीवर बसून पाहिला होता. कुंभकर्णाला घाबरून त्यांच्या शर्टात तोंड खुपसलं होतं."

आई म्हणाली, "अरे, त्या सुट्टीत ते दवाखान्यात होते. तू मामाजवळ बसून पाहिलास." त्याच वर्षी दिवाळीच्या आधी वडील गेले.

तेव्हापासून झोप उडालेली. ही आठवण खोटी, तर बाकीच्या आठवणींचं काय? माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का?

घरातलं माणूस गेलेले लोक हा प्रश्न बरेचदा घेऊन येतात. बिघाड नाही, हे मी लगेच सांगितलं. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२मध्येच लिहून ठेवलंय की आठवण कपाटातून काढल्यासारखी जशीच्या तशी निघत नाही, दर वेळी नव्याने रचली जाते. आणि लख्ख दिसते म्हणून ती अचूक असते असंही नाही. जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान हवेतच फुटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून 'ही बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची उत्तरं साफ बदललेली. स्वतःच्याच अक्षरातला कागद समोर ठेवला तरी काही जण नव्या आठवणीवर ठाम!

त्याने ऐकून घेतलं. समाधान मात्र झालं नाही. माहितीने दुःख हलत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मग मी विचारलं, "सिनेमा बाजूला ठेव. मांडीवर काय जाणवतं?"

बऱ्याच वेळाने म्हणाला, "खिशातलं पेन. गालाला टोचतंय. आणि दाढीच्या साबणाचा वास."

"मामा पेन लावायचे?"

"मामा? तो शेतावर बनियनवर असायचा."

असं होऊ शकतं की मांडी बाबांची, सिनेमा मामाकडचा, आणि पोरक्या झालेल्या पोराने दोन्ही शिवून एक केलं. हे सिद्ध करता येणार नाही, हेही मी त्याला सांगितलं. खोटा दिलासा दिला असता तर तो दुसऱ्याच दिवशी उसवला असता.

पुढच्या वेळी आला तो हसतच. मामाला फोन केला होता. मामा म्हणाला, "आपल्याकडे तेव्हा केबल कुठे होती? शेजाऱ्यांकडे पाहिलात तुम्ही पोरांनी. मी नव्हतोच तिथे." म्हणजे आता आईचीही आठवण डळमळीत!

"आईला पेनचं सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. ती म्हणाली, निळं होतं ना, सोनेरी क्लिपचं? मी हो म्हणणार होतो, मॅडम. तोंडापर्यंत आलं होतं." तो जरा थांबला. "मग म्हटलं, रंग मला आठवत नाही गं. टोचलेलं तेवढं आठवतं. तर ती उठून बाबांची जुनी पेटी काढायला गेली."