बाबा गेले, बंदूक कपाटात आहे

(वाचकांचे प्रश्न. उत्तरे देणारे लेखक जिल्हा पोलीस दलातून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारे, असून सिंधुदुर्गात राहतात.)

शेतीसंरक्षणाच्या बंदुकांवर मागच्या अंकात लिहिले, त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकांचा गैरसमज एकच आहे, म्हणून तो आधीच दूर करतो. बंदूक घराण्याची असली तरी परवाना एका माणसाचा असतो. तो माणूस गेला की परवानाही संपतो, आणि त्या दिवसापासून घरातल्या कोणालाच ती बंदूक जवळ ठेवण्याचा अधिकार राहत नाही.

प्रश्न : माझे वडील गणपतीनंतर वारले. त्यांच्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची काडतुसाची एकनळी आहे. भाऊ मुंबईला असतो. इथली काजूची बाग मी आणि माझे यजमान बघतो. काका म्हणतात, "माझा परवाना आहे, बंदूक माझ्याकडे आणून ठेव, पुढचं बघू." देऊ का? मुलीच्या नावावर परवाना होतो का? (एक वाचक, कुडाळ तालुका)

ताई, काकांकडे देऊ नका. ते भल्यासाठीच सांगत असतील, पण त्यांच्या परवान्यावर त्यांच्याच बंदुकीचा नंबर आहे. तुमच्या वडिलांची बंदूक त्यांच्या घरात सापडली तर ती विनापरवाना ठरते. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद आहे, वर दंड. देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात.

पहिले काम म्हणजे ती जमा करणे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे, बाळगण्याचा अधिकार संपलेले शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवायचे असते. सुतक संपेपर्यंत थांबलात म्हणून कोणी तुमच्या अंगावर धावून येणार नाही, पण ठाण्यात फोन मात्र आजच करा. ठाणे अंमलदाराला सांगा, "वडील वारले, त्यांच्या नावावर बंदूक आहे, जमा करायची आहे, कशी आणू?" काही ठिकाणी पोलीस स्वतः घरी येतात. तुम्हालाच आणायला सांगितले तर बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्या, ती खोळीत घाला आणि काडतुसे वेगळ्या पिशवीत ठेवा. मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत असू द्या. एसटीने नेऊ नका.

आता पावती. शस्त्रागारात जमा बंदुकांची नोंद करताना मी कितीतरी वारसांना पावती न वाचताच निघून जाताना पाहिले आहे. तुम्ही तिथेच उभे राहून वाचा. बंदुकीचा प्रकार, बोअर, कारखान्याचे नाव, नळीवर आणि खटक्याच्या पेटीवर कोरलेला नंबर, काडतुसांची संख्या, एवढे तरी पावतीवर यायलाच हवे. नंबर गंजाखाली गेला असेल तर तेलात भिजवलेल्या चिंधीने पुसला की दिसतो. परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर एकच आहे ना, तेही तिथेच ताडून बघा. जुन्या परवान्यांत नकल करताना आकडे चुकलेले असतात, आणि ती चूक वारसाच्या अर्जाच्या वेळी वर येते. ठेव किती दिवस राहील तेही विचारून लिहून घ्या. मुदतीत तुम्ही काही केले नाही तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते.

बंदूक ठाण्यात सुरक्षित राहिली की पुढचे शांतपणे ठरवा. वारस म्हणून परवाना मागता येतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये तशी तरतूद आहे आणि मुलगी, लग्न झालेली असली तरी, वारसच आहे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि घरात शस्त्र नीट ठेवण्याचे हमीपत्र लागते. मग पोलीस अहवाल होतो आणि जिल्हाधिकारी निर्णय घेतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा निर्णय आयुक्तांकडे असतो. वारसाला परवाना हक्काने मिळत नाही, पण त्याचा अर्ज विचारात घ्यावा लागतो. माझे स्पष्ट मत असे की शेतीसंरक्षणाची बंदूक शेतावर राहणाऱ्याच्याच नावावर असावी. भाऊ मुंबईला फ्लॅटमध्ये राहणार आणि बंदूक इथे बागेत राहणार, ही व्यवस्था कागदावर तर चुकीचीच, आणि घरात धोक्याची. भावाला विश्वासात घ्या आणि अर्ज तुम्हीच करा.

बंदूक नकोच असेल तर ती विकता येते किंवा कायमची सरकारजमा करता येते. काकांना खरोखर हवी असेल तर त्यांनी आधी आपल्या परवान्यावर दुसऱ्या शस्त्राची मंजुरी घ्यावी. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेली धरूनसुद्धा. त्यांच्याकडे दोन असतील तर विषय तिथेच संपला. मंजुरी मिळाली तर बंदूक जमा ठिकाणाहूनच, परवाना शाखेच्या लेखी आदेशाने, त्यांच्या नावावर होईल. ती मध्ये तुमच्या घरी यायची गरज नाही.

प्रश्न : मी जिवंत आहे, परवानाही चालू आहे. बंदूक ओळखीच्या शेतकऱ्याला विकायची आहे. स्टॅम्पपेपरवर लिहून दिले तर चालेल? (एक वाचक, राजापूर)

नाही. स्टॅम्पपेपर गाडीच्या व्यवहारालाही पुरत नाही, बंदुकीच्या व्यवहाराला कुठून पुरणार? शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय बंदूक हातातून सोडता येत नाही. घेणाऱ्याचा परवाना आधी डोळ्यांनी बघा : मुदत, त्या प्रकारच्या शस्त्राची मंजुरी, आणि युआयएन म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक. व्यवहार झाल्यावर तुमच्या परवान्यावरून बंदूक कमी झाल्याची नोंद करून घ्या. ही शेवटची नोंद लोक विसरतात, आणि पुढे त्या बंदुकीने काही घडले की पोलीस पहिल्यांदा जुन्या मालकाच्या दारात येतात.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांपासून ठासणीची बंदूक आहे, परवाना आता माझ्या नावावर आहे. वानर कधी येतील सांगता येत नाही म्हणून ती भरूनच माळ्यावर ठेवतो. आता घरात नातू रांगू लागला आहे. सून रोज बोलते. इतक्या उंचावर काय होणार? (एक वाचक, दोडामार्ग)

दादा, सूनबाई बरोबर बोलतात. आज रांगणारा नातू दोन वर्षांत शिडी चढेल. आणि माळ्यावर काय आहे हे घरातल्या मुलांना नेहमी मोठ्यांच्या आधी कळते.

भरलेली ठासणीची बंदूक ही घरातली सर्वांत फसवी वस्तू आहे. काडतुसाची बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, बघितली की नळीतून उजेड दिसतो, शंका उरत नाही. ठासणीच्या नळीचे मागचे तोंड बंद असते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, काढून ठेवली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नाही, दारू आतच असते. यासाठी एक साधी खूण करून ठेवा. बंदूक नक्की रिकामी असताना दारू ठासायचा गज नळीत पूर्ण आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कानशीने बारीक रेघ पाडा. पुढे कधीही गज घातला आणि ती रेघ तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे. गज घालताना केप काढलेली हवी आणि तोंडावर आपला चेहरा येता कामा नये.

आत फक्त दारूच असते असेही नाही. माळ्यावर पडून असलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी घर करते. मी नळीत दिवा धरून बघायचो तेव्हा आत विटकरी मातीची गुळगुळीत बुचे दिसायची, एकामागे एक, प्रत्येकात कोळी भरलेले. तशा नळीतून बार काढला तर नळी फाटते आणि डावा हात जातो. तुमची आत्ता भरलेली आहे आणि किती दिवसांपासून भरलेली आहे हे तुम्हालाही आठवत नसेल, तर उडवून रिकामी करायला जाऊ नका. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला किंवा ठाण्याला कळवा. नळीत बसलेली दारू काढणे हे त्यांचे काम.

यापुढे बंदूक रिकामीच ठेवायची. वानर आले तर भरायला जितका वेळ लागतो तितका लागू द्या. तेवढ्यात दोन-चार नारळ गेले तरी चालतील. आणि परवाना पीक राखण्यासाठी आहे, शिकारीसाठी नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शेतीसंरक्षणाच्या परवान्यानेही बाजूला होत नाही.

ठेवायची जागा म्हणजे कुलपाचे लोखंडी कपाट. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतीत साधा स्क्रू धरत नाही, हलवले की भुगा होऊन बाहेर येतो, तेव्हा भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे पत्र्याची पट्टी घ्या. काडतुसाची बंदूक असेल तर पुढचा लाकडी भाग काढला की नळी दस्त्यापासून सुटते. नळी एका कुलपात आणि दस्ता दुसऱ्यात ठेवलात तर चोराच्या हाती लागूनही ती बंदूक राहत नाही. काडतुसे, दारू, केपा यांना तिसरी जागा, तिचे कुलूप वेगळे. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. देव्हाऱ्यात, फोटोमागे किंवा पिठाच्या डब्यात नको. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि ती तिथे आहे एवढेच घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा. माणूस अचानक गेला की घरचे छिन्नी घेऊन कपाट फोडतात, आत बंदूक भरलेली आहे की नाही ते माहीत नसताना.

पावसाळ्यात चामड्याच्या खोळीत बंदूक कधीही ठेवू नये. चामडे ओल धरते आणि जुलैत घातलेली नळी ऑक्टोबरात तांबडी होऊन निघते. तेलाचा हात देऊन कपाटात उघडीच उभी करा. फुगलेली काडतुसे, मग ती खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान का असेनात, उन्हात वाळवू नका, चुलीजवळ नेऊ नका, विहिरीत टाकू नका. ठाण्यात जमा करा.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. वर्षभरात विसरायला लागले आहेत, रात्री उठून "कोण आलंय" म्हणून दार उघडतात. बंदूक त्यांच्या खोलीत आहे. विषय काढला की चिडतात. ती मी पुण्याला माझ्या घरी घेऊन येऊ का? (एक वाचक, पुणे, मूळ गाव वैभववाडी)

आणू नका. तुमच्या नावाचा परवाना नाही, तेव्हा वाटेत आणि पुण्यात तुम्ही गुन्हेगार ठराल. पण तुमची काळजी अगदी खरी आहे आणि हे काम पुढच्या सुट्टीपर्यंत थांबणारे नाही. अंधारात दारात उभा असलेला माणूस दूध घालणारा आहे की तुमचाच मुलगा, हे त्यांना ओळखू येणार नाही अशी रात्र येऊ शकते.

गावी जा. "बाबा, तुम्हाला आता जमत नाही" असे म्हणू नका. त्या पिढीच्या माणसाने रात्र-रात्र माचाणावर बसून शेत राखलेले असते, बंदूक त्यांचा मान असते. नियमांतच एक मानाची वाट आहे. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, यांतले जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव देऊन परवाना त्याच्याकडे वळवायचा अर्ज करू शकतो. "तुमच्या हातूनच माझ्या नावावर करा, सही तुमचीच लागते," असे सांगा. हे खरेही आहे. अर्ज चालू असेपर्यंत बंदूक त्यांच्याच सहीने ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा राहू द्या. काडतुसे त्याच दिवशी सोबत द्या. त्यांना बरोबर घेऊन जा, पावती त्यांच्या हातात पडू द्या.

तरीही ऐकले नाहीत तर त्यांच्या डॉक्टरांचे लेखी मत घेऊन ठाण्याला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज द्या. परवानाधारकाची मानसिक स्थिती बरी नसेल तर परवाना निलंबित करण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. वडिलांविरुद्ध अर्ज करताना हात कापेल, तरी करा.

हीच गोष्ट वयस्कर नसलेल्यांनाही लागू आहे. घरात कोणी खचलेले असेल, कर्जात असेल, "आता जगून काय" असे बोलू लागले असेल, तर पहिल्यांदा बंदूक घराबाहेर, रीतसर जमा, त्याच दिवशी. तशी मनःस्थिती बरीचदा येते आणि जाते, आणि त्या काही तासांत बंदूक हाताशी नसणे यानेच माणूस वाचतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. हातात बंदूक घेऊन कोणी धमकावत असेल तर ११२.

प्रश्न : निवडणूक आली की बंदूक जमा करायची नोटीस येते. ऐन हंगामात शेत उघडे पडते. सगळ्यांनी द्यावीच लागते का? (एक वाचक, सत्तरी, गोवा)

सरसकट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्याच प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करायचा असतो. तुमच्यावर गुन्हा नाही, पूर्वीच्या निवडणुकीत काही तक्रार नाही, शेतीचे नुकसान होते, हे लिहून वेळेत अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर येईपर्यंत नोटिशीची मुदत संपत असेल तर आधी जमा करा आणि मग भांडा. निवडणूक आटोपल्यावर परत घेताना पावतीवरचा नंबर पुन्हा ताडून बघा. रॅकमध्ये सारख्याच दिसणाऱ्या एकनळ्या ओळीने उभ्या असतात.

प्रश्न : दसऱ्याला पूजेनंतर हवेत एक बार काढायची आमच्या वाडीची रीत आहे. लग्नातही काढतात. परवाना आहे, मग हरकत काय? (एक वाचक, लांजा)

२०१९ पासून आनंदाच्या प्रसंगी बेफिकिरीने किंवा निष्काळजीपणे केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाही जाऊ शकतो. मांडवात बार काढणारा माणूस गर्दीत उभा असतो, भोवती पोरे असतात, कोणीतरी खांद्याला धक्का देतो. नळी आडवी व्हायला तेवढे पुरते. पूजा जरूर करा. बंदूक आधी मोडून दोघांनी रिकामी असल्याचे बघायचे, काडतुसे पाटावर मांडायची नाहीत, नळीचे तोंड भिंतीकडे. हळद-कुंकू पाण्यात कालवून लोखंडाला लावलेत तर संध्याकाळीच पुसून तेल लावा, आणि आरती झाली की ती पाटावर रात्रभर न ठेवता लगेच कुलपात.