किशोरवयीन मुलांच्या मालिकांत ऑनलाइन छळ खरा दाखवतात का?

अर्धाच खरा. बऱ्याच मालिकांत एक फोटो व्हायरल होतो, अख्खी शाळा हसते आणि शेवटच्या भागात गुन्हेगार सापडतो. प्रत्यक्षात हे फार शांतपणे चालतं. मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला नववी-दहावीची शिकवणी घेते. आमच्याकडच्या एका मुलीच्या डीपीचं स्टिकर बनवलं आणि ते महिनाभर ग्रुपवर फिरत राहिलं. शिवी एकही नाही! ती फोन पालथा ठेवून बसायची, आम्हाला दिसायचं ते एवढंच.

ही नस २०२५ च्या 'अ‍ॅडोलसन्स' या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेने नेमकी पकडली. इन्स्टाग्रामवरच्या इमोजींचा अर्थ तपास करणाऱ्या पोलिसाला त्याचा स्वतःचा मुलगा समजावून सांगतो. मोठ्यांना काहीच कळलेलं नसतं. शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरच्या '१३ रीझन्स व्हाय' या अमेरिकन मालिकेतलं आत्महत्येचं दृश्य मात्र नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये काढलं, आणि ते योग्यच झालं.

मालिकांत मला फारसं न दिसलेलं एक काम: स्क्रीनशॉट जपून ठेवणं आणि घरी सांगणं. घरी सांगवत नसेल तर मुलांसाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.